कॅप्चर कार्ड लावलं की पीसी अटकतो: ड्रायव्हरपर्यंतचा माग कसा काढायचा

लग्नाचं लाइव्ह करायला पीसीला कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र पीसीत घेणारं उपकरण) लावलेलं असतं, आणि "भाऊ, पीसी हँग होऊन राहिला" एवढं सांगणारा फोन येतो. पण या एका वाक्यात निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. तुमची नेमकी कोणती, ते आधी ठरवा.

ओबीएस (रेकॉर्डिंग आणि लाइव्हचं सॉफ्टवेअर) मधलं चित्र थिजलं, पण माउस फिरतो, घड्याळ पुढे सरकतं आणि दुसरी विंडो उघडते, असं असेल तर पीसी हँग झालेला नाही. कॅमेऱ्याचा सिग्नल तुटलाय किंवा एकटं ओबीएस अडकलंय.

दुसऱ्या प्रकारात अख्खा पडदा जागच्या जागी थांबतो, माउस हलत नाही आणि स्पीकरमधून शेवटचा तुकडा घर्रर्र करत वाजत राहतो. अशा वेळी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत नाही की विझत नाही, म्हणजे विंडोजचा गाभाच थांबलाय. हे काम बहुधा ड्रायव्हरचं (विंडोजला एखादं उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर), नाहीतर हार्डवेअरचं.

तिसरा प्रकार अडखळण्याचा. दर थोड्या वेळाने दोन-चार सेकंद सगळं थांबतं, आवाज फाटतो आणि पुन्हा सुरळीत चालतं. यामागे यूएसबीची जोडणी तुटून परत जुळणं असू शकतं, मरायला टेकलेली हार्ड डिस्क असू शकते किंवा प्रोसेसर अडवून बसणारा ड्रायव्हर असू शकतो.

चौथा प्रकार ठरावीक क्षणी अटकण्याचा: कॅमेरा बंद-चालू केला, त्याचा मेनू उघडला, एचडीएमआय ओढली, ओबीएस बंद केलं किंवा पीसी स्लीपमधून उठवला की लगेच. हे लक्षण सगळ्यात उपयोगी आहे, कारण तोच प्रसंग मुद्दाम घडवून दुरुस्ती झाली की नाही हे पाच मिनिटांत तपासता येतं.

निळा पडदा आला तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. 'डीपीसी वॉचडॉग व्हायलेशन' किंवा 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं नाव दिसलं तर संशय ड्रायव्हरवर. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' म्हणजे झोपताना-उठताना कुठला तरी ड्रायव्हर अडला. नावाची सुरुवात 'डब्ल्यूएचईए' अशी असेल तर हार्डवेअर बघावं लागेल. आणि निळा पडदाही न येता मशीन खटकन बंद होऊन परत सुरू होत असेल, तर ड्रायव्हरकडे जायच्या आधी करंटकडे बघा.

मी ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. दिवाळीनंतर मंडई भरायला लागतात, झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, आणि तेव्हापासून लग्नसराई संपेपर्यंत स्टुडिओवाल्यांच्या मशिनी याच एका तक्रारीसाठी येत राहतात. मशीन बहुधा कुठल्या तरी ऑफिसातून निघालेली सेकंडहँड असते. तिच्यात एक कॅप्चर कार्ड, स्विचरमधून (अनेक कॅमेऱ्यांतलं एक चित्र निवडून पुढे पाठवणारी डबी) दोन-तीन कॅमेरे आणि यूट्यूबवर लाइव्ह. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेला भाऊ तिकडे मोबाइलवर बहिणीचं लग्न बघत बसलेला असतो. अक्षता पडायच्या वेळी चित्र थिजलं तर तो क्षण परत घेता येत नाही.

म्हणून 'फॉरमॅट मार' या सल्ल्याने सुरुवात करू नका. फॉरमॅट केलं की सगळे ड्रायव्हर जातात, मशीन काही दिवस बरी चालते, मग विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर परत आणून बसवतं. शिवाय मशीनमध्ये पुराव्यादाखल जे काही नोंदलं गेलं होतं तेही पुसलं जातं.

माझं मत अगदी स्पष्ट आहे. कोसळतो तो ड्रायव्हर, पण त्याला धक्का देणारं बरेचदा बाहेर असतं: सैल केबल, डळमळीत करंट, मधेच बदलणारा सिग्नल. चांगला ड्रायव्हर असा धक्का सोसतो आणि 'नो सिग्नल' दाखवून थांबतो. कच्चा ड्रायव्हर विंडोजला सोबत घेऊन पडतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करायची. एका वेळी एकच बदल करायचा, त्यानंतर निदान दोन तास सलग रेकॉर्डिंग चालवून बघायचं आणि काय केलं ते वहीत लिहायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या सीझनला तीच शोधाशोध पहिल्यापासून करावी लागते.

कार्ड काढून मशीन चालवा

पैसा लागत नाही, तरी हीच तपासणी सगळे गाळतात. कार्ड पूर्ण काढा. यूएसबीचं असेल तर उपटून बाजूला ठेवा. आतलं असेल तर मशीन बंद करून प्लग काढा आणि स्लॉटमधून कार्ड बाहेर घ्या. कॅबिनेट उघडायचा हात नसेल तर तूर्त डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी) ते डिसेबल करा. आता ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या जागी एखादी जुनी लग्नाची फाइल मीडिया सोर्स म्हणून लावा आणि तेवढ्याच क्वालिटीत दोन तास रेकॉर्ड करा.

कार्ड नसतानाही मशीन अटकली, तर कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोघंही निर्दोष. मग हार्ड डिस्क बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'रिअलोकेटेड सेक्टर' यांच्या पुढचा कच्चा आकडा शून्य नसेल, तर त्या डिस्कवर गिऱ्हाइकाचं काम ठेवू नका. रेकॉर्डिंग जिथे होतं तो ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर आधी जागा करा. डीव्ही टेप कॅप्चर करताना तासाला साधारण १३ जीबी लागतात, आणि सी ड्राइव्ह भरत आला की विंडोज असंही रखडायला लागतं.

शटडाउन नव्हे, रिस्टार्ट

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि त्यातले ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. बिघडलेल्या स्थितीत अडकलेला ड्रायव्हर मग दुसऱ्या दिवशीही तसाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. मशीन चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या.

पोर्ट, केबल आणि ऊन

यूएसबी कार्ड नेहमी कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट आतून एका बारीक केबलने जोडलेले असतात, आणि सेकंडहँड मशीनमध्ये ती केबल ढिली निघते. हब वापरू नका. त्याच हबवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि वेबकॅम असेल तर मुळीच नको.

यूएसबी ३ चं कार्ड हलक्या हाताने, सावकाश आत ढकललं तर आधी जुन्या चार पिना टेकतात आणि कार्ड कधीकधी यूएसबी २ म्हणून जोडलं जातं. ते एका दमात, घट्ट बसवा. उलट बाजूही सांगतो: प्लगच्या आतलं प्लास्टिक निळं आहे म्हणून कार्ड यूएसबी ३ चं, असं समजू नका. बाजारातल्या स्वस्त डाँगलांत (पेनड्राइव्हएवढी छोटी यूएसबी कार्डं) निळ्या प्लास्टिकमागे यूएसबी २ चीच चिप बसवलेली असते.

एचडीएमआय केबल बदलून बघा, तीही लांबीने लहान. मंडपात लोक पायाखाली तुडवतात ती लांब केबल आतून तुटत आलेली असते. सिग्नल क्षणभर जातो-येतो आणि प्रत्येक वेळी कार्डाला कॅमेऱ्याशी नव्याने जुळवून घ्यावं लागतं. कच्चा ड्रायव्हर याच जुळवाजुळवीत अडकतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, टेबलावरच्या सॅटिनच्या कापडाखाली कार्ड तापत ठेवलेलं मी पाहतो. सकाळी ठीक आणि दुपारच्या लग्नातच अटकतं, असं असेल तर कार्ड उघड्यावर आणून त्याच्यावर साधा टेबल फॅन सोडा. फरक पडला तर कारण हाती आलं.

करंट: गावातल्या कार्यक्रमात इथेच जास्त वेळ द्या

स्टुडिओत मशीन दिवसभर चालते आणि मंडपात तासाभरात अटकते. ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: तिथे लाइन कुठून घेतली होती? उत्तर बहुतेक वेळा असं असतं की पीसी घरातल्या बोर्डावर, कॅमेऱ्याचा अडॅप्टर डेकोरेशनवाल्याच्या बोर्डावर आणि एलईडी वॉल जनरेटरवर.

हे तिन्ही पुरवठे वेगळे. त्यांचं अर्थिंग वेगळं, आणि बरेचदा कुठे नसतंच. पण एचडीएमआय केबलचं बाहेरचं आवरण कॅमेरा, स्विचर, एलईडी वॉलचा प्रोसेसर आणि पीसी या सगळ्यांचे धातूचे भाग एकमेकांना जोडतं. मग पुरवठ्यांमधला व्होल्टेजचा फरक त्या बारीक आवरणातून वाट काढतो. डीजेचा बेस वाजला, हॅलोजन लागले किंवा जनरेटर बदलला, की कार्डाला झटका बसतो. कधी ते यूएसबीवरून गायब होऊन परत येतं, कधी ड्रायव्हर तिथेच थिजतो, आणि वाईट दिवशी कार्ड जळतं.

तपासायला सोपं आहे. कॅमेरा अडॅप्टरवरून काढा आणि बॅटरीवर चालवा. लॅपटॉप असेल तर त्याचाही चार्जर काढून बघा. अटकणं थांबलं तर ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही. पीसी, स्विचर आणि कॅमेऱ्यांचे अडॅप्टर एकाच बोर्डावर, चांगल्या यूपीएसमागे, थ्री-पिन प्लग आणि खऱ्या अर्थिंगसह घ्या. एलईडी वॉल, लाइट आणि साउंड दुसरीकडे राहू द्या.

आवाजातली घुंई जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. ते कधीच करू नका. त्याने जिवाला धोका होतो. कॅबिनेटला किंवा एचडीएमआयच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर तपासणी तिथेच थांबवा, सगळं बंद करा आणि वायरमनला बोलवा. जनरेटरवर न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज मशिनीत शिरतं. कॅप्चर कार्ड तेव्हा दुय्यम होतं, मंडपात लहान मुलं फिरत असतात.

सिग्नल एकाच साच्यात ठेवा

ज्यांची तक्रार चौथ्या प्रकारची आहे त्यांनी हे आधी करावं. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट 'ऑटो'वर असतं. शूटिंगमधून प्लेबॅकला गेलात की ते १०८०आय वरून १०८०पी होतं, फ्रेमचा वेग बदलतो, आणि ड्रायव्हरला चालू गाडीचं चाक बदलावं लागतं. 'ऑटो' काढून एकच साचा कायम करा. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रांची पाल पद्धत चालते, म्हणून १०८०पी २५ किंवा १०८०आय ५० ठेवा. ओबीएसमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्येही रिझोल्यूशन आणि वेग 'कस्टम' करून तेच आकडे भरा. बाय डीफॉल्ट दिसणारे ३० आणि ६० उचलू नका.

कॅमेरे कितीही असले तरी कार्डाला थेट कॅमेरा लावण्यापेक्षा मध्ये स्विचर ठेवा. कॅमेरा बंद झाला तरी स्विचर आपला सिग्नल चालू ठेवतो, त्यामुळे कार्डाला काही कळतच नाही. लाइव्हवाल्या मित्रांसाठी मला हा सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो. नवा ड्रायव्हर शोधण्यात रात्री घालवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता थोडं गणित, कारण यावरून बराच गोंधळ होतो. १०८०पी चं एक चित्र वाययूवाय२ या न दाबलेल्या फॉरमॅटमध्ये सुमारे ४.१ एमबीचं होतं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास २४९ एमबी, म्हणजेच २ गिगाबिट. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट. २५ चित्रं घेतली तरी ती मावत नाहीत. म्हणून स्वस्त डाँगल चित्र एमजेपीईजीमध्ये दाबून पाठवतं. ओबीएसमध्ये तुम्ही चुकून वाययूवाय२ निवडलंत तर चित्र धक्के खात चालेल आणि तुम्हाला वाटेल की मशीन अटकली. यूएसबी २ च्या कार्डावर एमजेपीईजीच ठेवा. पण हेही लक्षात घ्या की तो दाब सोडवायचं काम तुमच्या प्रोसेसरवर येतं, आणि जुन्या मशीनवर चार सोर्स लावले तर ती त्यानेच दमेल.

एक कार्ड एकाच प्रोग्रामने उघडावं. ओबीएस चालू असताना ब्राउझरमध्ये किंवा झूममध्ये तेच कार्ड कॅमेरा म्हणून निवडलं गेलं, तर दोघांच्या ओढाताणीत काही ड्रायव्हर गळपटतात. ओबीएसमध्येही प्रत्येक सीनमध्ये तेच कार्ड नव्याने जोडू नका. एकदा जोडलेला सोर्स 'अॅड एक्झिस्टिंग'ने दुसऱ्या सीनमध्ये घ्या.

वीज वाचवणाऱ्या सेटिंग

पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. आतलं कार्ड असेल तर 'पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट'ही ऑफ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची 'वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या' अशा अर्थाची टिक काढा. स्लीपही बंद. वरातीची वाट बघत पीसी अर्धा तास नुसता बसतो, विंडोज कार्डाला झोपवतं, आणि उठवताना ड्रायव्हर उठत नाही. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' बघितलेल्यांचं काम बरेचदा इथेच होतं.

आता ड्रायव्हर

आधी चिप ओळखा. डबीवरचं नाव उपयोगाचं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि 'हार्डवेअर आयडीज' इथे जा. तिथे व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) असे दोन आकडे दिसतील.

५३४डी आणि २१०९ दिसलं तर ती मॅक्रोसिलिकॉनची एमएस२१०९ चिप, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारं एचडीएमआय डाँगल. याला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, विंडोजचा स्वतःचा यूव्हीसी ड्रायव्हर (वेबकॅमसारख्या यूएसबी व्हिडिओ उपकरणांसाठीचा) पुरतो. कुणी सीडीतून किंवा नेटवरून याच्यासाठी काही बसवलं असेल तर ते काढा.

जुन्या व्हीएचएस कॅसेटी उतरवायला जे 'ईझीकॅप' वापरतात, तिथे खरी गंमत नसून खरी अडचण आहे. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या त्या डबीत निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपा असतात. ०५ई१-०४०८ म्हणजे सिंटेक, १बी७१-३००२ म्हणजे यूटीव्ही००७, १सी८८ ने सुरू होणारी सोमॅजिक आणि ईबी१ए ने सुरू होणारी एम्पिया. प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. मित्राकडची सीडी आणून दुसऱ्याच चिपचा ड्रायव्हर टाकला आणि वर आधीचा तसाच राहिला, की मशिनीत भुतासारखे दोन-तीन ड्रायव्हर साचतात. मिनी डीव्हीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: फायरवायरचा (मिनी डीव्ही कॅमेरा पीसीला जोडायचा पोर्ट) जुना 'लेगसी' ड्रायव्हर विंडोज ८ पासून सोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

साफसफाई अशी करा. आधी रिस्टोअर पॉइंट बनवा. नेट तोडा, म्हणजे विंडोज मागच्या दाराने ड्रायव्हर आणणार नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' लावा. पूर्वी कधी जोडलेली कार्डं फिकट दिसतील. त्यातली कॅप्चर कार्डाशी संबंधित तेवढीच एकेक करून अनइन्स्टॉल करा, आणि ड्रायव्हरही काढून टाकण्याची टिक प्रत्येक वेळी लावा. ती टिक न लावल्यामुळेच बहुतेकांचं अनइन्स्टॉल फुकट जातं. फाइल विंडोजच्या साठ्यात राहते आणि कार्ड लावताच परत चढते. रिस्टार्ट करा, कार्ड लावा, कुठला ड्रायव्हर चढला ते बघा. जुनाच दिसला तर हेच पुन्हा करा. त्यानंतरच कार्ड बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून, तुमच्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर घ्या.

तक्रार एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल तर आधी 'रोल बॅक ड्रायव्हर' बघा, एका क्लिकचं काम आहे. मग 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये विंडोजला आपोआप ड्रायव्हर आणायला मनाई करा. चालणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर जपून ठेवा. नवा म्हणजे चांगला असं नसतं. सीझनच्या मध्यात चालत्या मशीनचा ड्रायव्हर बदलूच नका.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअर मशीनवर नकोत. ती नुसतं नाव जुळवून काहीही बसवतात, आणि माझ्याकडे येणारी सगळ्यात गुंतागुंतीची कामं त्यांच्यामुळेच आलेली असतात.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेकांनी विंडोज ११ चढवलं. तिथे 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं संरक्षण असतं आणि जुने ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नाहीत. ते बंद करून कार्ड चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचं कामही करता तिथे मी तो देणार नाही. ज्या कार्डाचा ड्रायव्हर बनवणाऱ्याने सोडून दिलाय, ते बदलणंच बरं.

पुरावा काढा

एवढ्याने न सुटल्यास अंदाज थांबवून नोंदी वाचा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, दिवसावार आलेख येतो. तक्रार ज्या दिवशी सुरू झाली त्याच्या आदल्या दिवशी काय बसलं ते बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. लोक ते वाचून लगेच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारी आतली डबी) बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत सुरू झाली. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलीत तरी तीच नोंद येते. तिच्या आधीच्या पाच मिनिटांत काय आहे ते महत्त्वाचं. 'डब्ल्यूएचईए-लॉगर'च्या ओळी असतील तर स्लॉट, कार्ड, रॅम, प्रोसेसर यांपैकी काहीतरी तक्रार करतंय. १२९ क्रमांकाची, डिव्हाइस रीसेट केल्याची नोंद असेल तर डिस्क आणि तिची केबल.

निळा पडदा येऊन गेला असेल तर विंडोज फोल्डरात 'मिनीडंप' नावाचं फोल्डर असतं. ब्लूस्क्रीनव्ह्यू या छोट्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्यातली फाइल उघडली की कोसळताना समोर आलेल्या ड्रायव्हरचं नाव दिसतं. वेगवेगळ्या दिवसांच्या फायलींत एकच नाव आलं तर पुरावा पक्का. दर वेळी वेगळं नाव येत असेल तर रॅमवर संशय घ्या.

तिसऱ्या प्रकारच्या अडखळण्यासाठी लेटन्सीमॉन लावा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती अडवतो ते मोजणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर कामासाठी प्रोसेसरला क्षणभर थांबवतात. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार असं एक काम १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. लेटन्सीमॉन एकदा कार्डासह आणि एकदा कार्डाशिवाय चालवा. कार्डाचा ड्रायव्हर यादीत वर आला तर ठीक, पण अनेकदा वायफायचा ड्रायव्हर वर येतो. मग लाइव्हसाठी राउटरपासून लॅनची वायर घ्या.

कॅबिनेट उघडण्याआधी आणि उघडल्यावर

मशीन बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. आमच्याकडे राइस मिलचा कोंडा पंख्यांत बसतो, वणी-हिंगणघाटकडच्या मशिनीत रुईचे तंतू निघतात. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका, कार्ड सरळ बसवून स्क्रू लावा. एचडीएमआय केबलच्या ओझ्याने कार्ड स्लॉटमध्ये वाकतं, म्हणून केबलला वेगळा आधार द्या.

मग स्लॉट बदला. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस एक्स-वन स्लॉटमधून सेकंदाला फार तर २५० एमबी जातात, आणि वरच्या हिशेबानुसार १०८०पी ६० ला तेवढेच लागतात. श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये दुप्पट जागा असते. एसएमपीएस तपासायचा तर ओळखीच्याकडून चांगला मागून लावून बघा. पण एसएमपीएसची डबी कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज उरतं.

इथे थांबा

जळका वास आला, कार्डावर काळा डाग दिसला किंवा शॉक लागत असेल तर स्वतः पुढे जाऊ नका. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल आणि तिच्यावर कुणाच्या लग्नाचं एकमेव फुटेज असेल, तर मशीन ताबडतोब बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका आणि डिस्क थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक वेळी चालू केल्याने परत मिळण्याची शक्यता कमी होते. 'डब्ल्यूएचईए'च्या नोंदी कार्ड बदलूनही येत असतील तर मदरबोर्ड जाणकाराला दाखवा. बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट स्वतः करू नका. मध्येच लाइन गेली तर बोर्डच उठणार नाही. 'ड्रायव्हर व्हेरिफायर' लावा असं कुणी सांगितलं तर तेही तंत्रज्ञावर सोडा. ते ड्रायव्हरला मुद्दाम कोसळवतं, आणि मशीन सुरूच न होण्याच्या चक्रात अडकू शकते. कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रू न उघडता परत पाठवा.

आणि कार्यक्रम परवावर आला असेल तर दुरुस्ती सोडा. दुसरी मशीन भाड्याने आणा. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये ठेवा, कारण मशीन अटकली तर साधी एमपी४ फाइल उघडत नाही, एमकेव्हीचा तोपर्यंतचा भाग वाचतो. कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या मेमरी कार्डांवर रेकॉर्डिंग चालूच ठेवा.

तंत्रज्ञाकडे मशीन नेताना कार्ड, तीच एचडीएमआय केबल आणि तोच अडॅप्टर सोबत न्या. नुसतं कॅबिनेट नेलं तर दुकानात तक्रार दिसतच नाही. निळ्या पडद्याचा फोटो, हार्डवेअर आयडी, मिनीडंपच्या फायली आणि काय-काय करून बघितलं त्याची वही द्या, आणि त्यालाही सांगा की फॉरमॅट करायच्या आधी एकदा फोन कर.